बाड्याबाहेरचा माणूस

पक्षाने आम्हा पार्षदांना चार दिवस बाड्यात कोंडून ठेवलं होतं. ज्याला खरोखर कोंडायला हवं होतं तो माणूस तेवढा बाहेर राहिला, आणि तो बाहेर राहावा हा हट्ट माझाच होता.

बाडा म्हणजे गुरं कोंडायची जागा. नगरसेवकाला इकडे राजस्थानात पार्षद म्हणतात, आणि चेअरमनची निवडणूक आली की पार्षदांची बाडेबंदी होते. समोरच्या पक्षाने फोडू नये म्हणून आपल्याच पक्षाचे लोक आपल्याला बसमध्ये भरतात, कुठल्यातरी रिसॉर्टवर नेतात, मोबाइल काढून घेतात आणि मतदानाच्या दिवशी त्याच बसमधून थेट मतदानाच्या दारात उतरवतात. मधल्या काळात दाल-बाटी-चूरमा, अंताक्षरी, उंटावरची चक्कर. कोंडवाड्यातल्या म्हशीला निदान गाणी तरी म्हणायला लावत नाहीत.

बाईच्या मागे तिचा नवराही बसमध्ये चढतो. बाई पार्षद असली तरी पार्षदकी नवरा करतो, हे इथे सगळे धरूनच चालतात. त्याला शब्दच आहे, पार्षद पती. कार्यक्रमात माळ त्याच्या गळ्यात पडते, फोन तो उचलतो, लोक दारात येऊन विचारतात, ‘‘साहब हैं?’’ आणि निवडून आलेली बाई आत चहा टाकत असते. त्यामुळे बाईला कोंडून नवरा मोकळा ठेवला तर काय उपयोग? फुटायचं असेल तर तो फुटणार.

माझ्या घरी असलं काही नव्हतं, आणि त्याचा मला गर्व होता. साधासुधा नव्हे, चांगला डोक्यावर चढलेला गर्व.

मी चारुलता, मूळची अकोल्याची. नवऱ्याच्या बँकेने बदली केली म्हणून जयपूरला आले आणि इथलीच झाले. आमचं नीमडी झोटवाड्याच्या पुढे, शहराला चिकटलेलं. पूर्वीचं गाव आता नावापुरतं उरलंय, पण नगरपालिका अजून स्वतःची आहे. चार वर्षांपूर्वी आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला तेव्हा पक्षाचे बजरंगजी आमच्या घरी आले. पांढराशुभ्र कुर्ता, बोलणं असं की गुळाची ढेप विरघळावी. कॉलनीत पाण्यासाठी मी मोर्चे काढले होते, बायका मला ओळखत होत्या, हे त्यांनी हेरलं होतं. पण बोलले ते नंदकिशोरांशी. ‘‘भाभीजी को खड़ा कर देते हैं, भाईसाब. बाकी तो आप सँभाल ही लोगे.’’

नंदकिशोर माझे यजमान. उभ्या आयुष्यात आवाज चढवून न बोललेला माणूस. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, ‘‘खड़ा होना है या नहीं, ये उनसे पूछिए. और सँभालेंगी भी वही.’’

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या एका वाक्यावर मी नव्याने त्यांच्या प्रेमात पडले, असं सांगायला मला लाज नाही. ते वाक्य मी किती जणींना ऐकवलं असेल! महाराष्ट्र मंडळातल्या विनयाने तर सांगून टाकलं होतं, ‘‘अगं, राजकारण हे आपल्या लोकांचं काम नाही.’’ तिलाही मी तेच वाक्य तोंडावर मारलं. निवडून आल्यावर विनयाच आपल्या भाच्याच्या नळजोडणीसाठी पेढे घेऊन आली, तो भाग वेगळा.

चार वर्षं नंदकिशोरांनी शब्द पाळला. दारात कुणी आलं तर ते म्हणायचे, ‘‘मैडम अंदर हैं, बुलाता हूँ.’’ कार्यक्रमात ते मागच्या रांगेत बसायचे, माझी पर्स मांडीवर घेऊन. मी भाषणाला उठले की पर्स त्यांच्याकडे, खाली आले की माझ्याकडे. मंडळातले पुरुष त्यांना चिडवायचे, ‘‘काय नंदकिशोर, आज पर्स दिसत नाही?’’ ते हसायचे. मीही हसायचे. त्यात हसण्यासारखं नाही असं काही मला दिसलं नव्हतं.

आता भंवरीबाईविषयी सांगते, कारण सगळं तिच्यापाशी जाऊन थांबतं.

बायपासला लागून आमच्या वॉर्डात एक मोठं नीमाचं झाड आहे. त्याच्याखाली भाजीवाल्या बायका बसतात. टपरीला, छोट्या दुकानाला इकडे थडी म्हणतात, तर त्या बायकांच्या थड्या. भंवरीबाई त्यांच्यातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात तोंडाळ. मी पहिल्यांदा मतं मागायला गेले तेव्हा तिने काकड्यांवर पाणी शिंपडत मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, ‘‘जीतने के बाद कौण मिलैगो? थे, कै थांको आदमी?’’ निवडून आल्यावर भेटायला तुम्ही असाल की तुमचा नवरा, असा तिचा प्रश्न. मी म्हटलं, ‘‘मी भेटेन. फक्त मी.’’ तिने सगळ्या बायकांची मतं मला मिळवून दिली. पुढे मी पार्षद निधीतून त्यांना सिमेंटचा ओटा आणि वर पत्र्याची शेड करून दिली. माझ्या चार वर्षांत अभिमानाने बोट दाखवावं अशी ती एकच गोष्ट झाली. बाकी गटारं कुणीही बांधतं.

पण त्या झाडामागचा प्लॉट बजरंगजींच्या मेव्हण्याने घेतला. तिथे त्याला दुकानं आणि वर मुलींचं होस्टेल काढायचं होतं, जयपूरच्या गोपालपुऱ्यात कोचिंगच्या मुलींसाठी आहेत तशी. आणि होस्टेलच्या तोंडाशी भाजीच्या थड्या कशा चालतील! एकदा जेसीबी आला तेव्हा बायका ओट्यावर आडव्या पडल्या आणि मी त्यांच्या पुढे उभी राहिले. ड्रायव्हरने यंत्र बंद केलं आणि बिडी पेटवली. त्या दिवशी जेसीबी परत गेला.

मग जुन्या चेअरमननी राजीनामा दिला, नवी निवडणूक लागली आणि आमच्या पक्षाकडून बजरंगजी उभे राहिले. एकेका मताची किंमत होती. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, ‘‘माझं मत हवं असेल तर थड्यांना हात लागणार नाही. दुसरी जागा दिल्याशिवाय एक वीटसुद्धा हलायची नाही.’’

त्यांनी दोन्ही हात छातीशी नेले. ‘‘मैडमजी, आपकी ज़बान मेरी ज़बान.’’

विश्वास तर पानिपतावरच गेला, असं आमचे बाबा म्हणायचे. मला त्या दिवशी ते आठवायला हवं होतं.

बस निघाली त्या सकाळी पक्षाच्या कार्यालयासमोर नुसता गोंधळ होता. संतोषदेवी माझ्या शेजारच्या वॉर्डाची पार्षद. तिचे यजमान जगदीशजी दोन बॅगा घेऊन आधीच खिडकीजवळ बसले होते, निवडून तेच आल्यासारखे. ‘‘आणि आपले साहब?’’ बजरंगजींनी मला विचारलं.

‘‘ते येणार नाहीत.’’

‘‘अरे, नियम तो सबके लिए एक है. सबके साहब आ रहे हैं.’’

‘‘माझे साहेब माझं मत चालवत नाहीत,’’ मी मोठ्याने म्हणाले. सगळ्या बसला ऐकू जावं म्हणूनच मोठ्याने. ‘‘त्यांना खुशाल मोकळं सोडा. ते कुणाच्या हाती लागायचे नाहीत.’’

बजरंगजी माझ्याकडे पाहत राहिले. मग हसले. ‘‘ठीक है मैडमजी. आपके साहब आज़ाद.’’

मला वाटलं, मी जिंकले. बसमधल्या बायका माझ्याकडे बघत होत्या. नंदकिशोर फाटकापाशी माझी बॅग घेऊन उभे होते. बॅग देताना म्हणाले, ‘‘चारू, बीपीची गोळी वरच्या कप्प्यात आहे.’’ मी माझा मोबाइल त्यांच्या हातात ठेवला. पक्षाच्या टोपलीत जमा करण्यापेक्षा घरी राहिलेला बरा, वॉर्डातल्या लोकांचे फोन यायचे. ‘‘कुणाचं काही अडलं तर सांगा, मॅडम चार दिवसांनी येतील,’’ मी म्हणाले. त्यांनी मान हलवली.

आमेरच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी ते रिसॉर्ट होतं. हिरवळ, निळा तलाव, फाटकावर दोन पहिलवान. पहिल्या दिवशी सगळ्यांना मजा वाटली. दुसऱ्या दिवसापासून कंटाळा आला. पुरुष पत्ते खेळत आणि राजकारण करत, म्हणजे पार्षद पुरुष आणि पार्षद पती. आम्ही निवडून आलेल्या बायका लांब बसून लोणच्याच्या गोष्टी करत होतो. मी मध्येच उठून त्यांच्या घोळक्यात गेले, तर जगदीशजी म्हणाले, ‘‘भाभीजी, चाय भिजवा दूँ आपके लिए?’’ मी म्हटलं, ‘‘चहा नको, पाणीपुरवठ्याच्या कमिटीत कोण जाणार ते सांगा.’’ कुणी पत्ता टाकला, कुणी खोकलं.

संतोषदेवी संध्याकाळी माझ्याशेजारी येऊन बसली. भाबडी बाई. ‘‘दीदी, थांका साब बड़ा सीधा है,’’ ती म्हणाली. ‘‘मेरे वाले तो मेरी सील भी अपनी जेब में रखते हैं.’’ मी तिला ते वाक्य ऐकवलं, सँभालेंगी भी वही. तिने पदराने डोळे टिपले की हसू लपवलं, ते मला आजवर कळलेलं नाही.

तिसऱ्या संध्याकाळी घरी एक फोन करू दिला. बजरंगजींचा माणूस शेजारी उभा, फोन स्पीकरवर. मी विचारलं, ‘‘काय चाललं? वॉर्डात ठीक आहे ना सगळं?’’

‘‘सगळं ठीक आहे,’’ नंदकिशोर म्हणाले. ‘‘तू काळजी नको करू. आराम कर.’’

‘‘भंवरीबाईचा फोन होता का?’’

‘‘नाही... म्हणजे, हो. काही विशेष नाही.’’

त्यांचा आवाज खुशीत होता. मला बरं वाटलं. एकटा माणूस घरी, तरी कुरकुर नाही. मी संतोषदेवीला म्हटलंसुद्धा, ‘‘बघ, कसं छान सांभाळून राहिले.’’

चौथ्या दिवशी बसने आम्हाला नगरपालिकेच्या दारात उतरवलं. मी बजरंगजींना मत दिलं. ते निवडून आले. गुलाल उधळला, ढोल वाजले, मला त्यांच्या शेजारी उभं करून फोटो काढला. मी त्यांच्या कानाशी म्हणाले, ‘‘थड्यांचं लक्षात आहे ना?’’ ढोलाचा आवाज फार होता. त्यांनी हात जोडले.

तिथून रिक्षा केली ती सरळ बायपासला. केसांत गुलाल, गळ्यात झेंडूची माळ. ती माळ भंवरीबाईच्या गळ्यात घालायची असं मी ठरवलं होतं. बाईचं काम झालं होतं, तिने ते आधी ऐकायला हवं.

नीमाचं झाड जागेवर होतं. खाली काही नव्हतं.

ओटा नव्हता, पत्रे नव्हते. खडी पसरून रोलर फिरवलेला. पलीकडे प्लॉटवर रंगीत कापडाचा मांडव, अर्धा सोडलेला. मागच्या भिंतीवर होस्टेलचा मोठा फलक, त्यावर हसणाऱ्या मुली. मी रिक्षातून उतरले आणि रिक्षावाल्याला थांब म्हणायचंही सुचलं नाही.

रस्त्याच्या पलीकडे गटाराच्या कडेला भंवरीबाई गोणपाट टाकून बसली होती. पुढ्यात चार वांगी आणि सुकलेली मेथी. बाकीच्या बायका दिसत नव्हत्या. तिने मला पाहिलं पण उठली नाही. एरवी ती लांबूनच ओरडायची.

‘‘काय झालं हे? कोणी केलं?’’ मी विचारलं. ‘‘मला का नाही कळवलं?’’

‘‘बताती कैसे, मैडमजी? थे तो ताळा मै बंद छा.’’ तिने मेथीची जुडी उचलली, परत ठेवली. ‘‘फोन लगायो. साब उठायो.’’

‘‘मग?’’

तिने सांगितलं. मी तिच्याच शब्दांत सांगितलं तर मला रडू येईल, म्हणून माझ्या शब्दांत सांगते. बस गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी जेसीबी आला. बायका मागच्या वेळेसारख्या ओट्यावर आडव्या पडल्या. भंवरीबाईने मला फोन लावला तो नंदकिशोरांनी घेतला आणि म्हणाले, येतो. थोड्या वेळाने ते आले, पण बजरंगजींच्या गाडीतून. मेव्हण्याने प्लॉटवर मांडव घातला होता, भूमिपूजन होतं. नंदकिशोरांना केशरी साफा बांधला आणि पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर बसवलं. माइकवरून नाव पुकारलं. मग त्यांना ओट्यापाशी आणलं. भंवरीबाईने पडल्या पडल्या विचारलं, साहेब, मॅडमना ठाऊक आहे का हे? आणि नंदकिशोर म्हणाले, हो. मॅडमशी बोलणं झालंय. त्यांची हाँ आहे.

‘‘आप तो जाणो,’’ भंवरीबाई म्हणाली, ‘‘साब कदी झूठ कोनी बोल्या. चार साल मै एक बार बी बीच मै कोनी पड्या. म्हे सोची, यो आदमी बोल रह्यो है तो मैडमजी की ही बात होगी.’’ साहेब कधी खोटं बोलले नाहीत, एकदाही मध्ये पडले नाहीत, म्हणूनच त्यांचं बोलणं तिला माझंच वाटलं होतं.

बायका आपणहून उठल्या. आपल्या टोपल्या आपणच उचलल्या. पोलिस लागला नाही, आरडाओरडा झाला नाही. कुणाच्या अंगाला बोट लावावं लागलं नाही.

बजरंगजींचा माणूस म्हणाला असता तर त्या उठल्या नसत्या. चेअरमन म्हणाला असता तरी नसत्या उठल्या. माझ्या नवऱ्याने चार वर्षं तोंड बंद ठेवलं होतं, म्हणून त्याच्या एका शब्दाला एवढी किंमत होती. आणि ती किंमत बजरंगजींना बसपाशीच कळली होती. मी गळ्यातली माळ काढली. कुठे टाकावी कळेना, म्हणून हातात धरून घरी आले.

वाटेत दुसऱ्या रिक्षातच, रिक्षावाल्याच्या मोबाइलवरून बजरंगजींना फोन केला. मागे अजून ढोल वाजत होते. माझं सगळं ऐकून घेऊन ते अत्यंत प्रेमाने म्हणाले, ‘‘मैडमजी, हाँ तो आपके घर से ही हुई थी. साहब ने सबके सामने कहा. अब मैं साहब की बात कैसे काटता?’’

आता मी तक्रार कुणाविरुद्ध करू? कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि कुंपण मीच घातलं होतं.

नंदकिशोर व्हरांड्यात तुळशीला पाणी घालत होते. मला पाहून झारी खाली ठेवली. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं असणार.

‘‘बस आधी,’’ ते म्हणाले. ‘‘पाणी पी.’’

‘‘पाणी नको मला. काय करून ठेवलं हे तुम्ही?’’

‘‘चारू, त्यांचा माणूस आला होता. म्हणाला, मॅडमनी होकार दिलाय. फोन नाही म्हणून तुम्हाला सांगता आलं नाही त्यांना.’’

‘‘आणि तुम्हाला खरं वाटलं ते?’’

त्यांनी चष्मा काढून पुसला. आत भिंतीवरच्या खुंटीला साफा लटकत होता. केशरी, त्यावर सोनेरी ठिपके. नीट घडी करून लटकवलेला.

‘‘मी काय विचारून राहिले? खरं वाटलं?’’

‘‘नाही,’’ ते म्हणाले.

खोटं बोलले असते तर बरं झालं असतं. हो म्हणाले असते, फसलो म्हणाले असते, तर मी ओरडले असते आणि मग दोघांनी मिळून बजरंगजींना शिव्या घातल्या असत्या. नंदकिशोरांना खोटं बोलता येत नाही म्हणून मी जगाला सांगत फिरले होते.

‘‘रिसॉर्टचा नंबर होता ना तुमच्याजवळ?’’

‘‘होता.’’

‘‘काल संध्याकाळी फोनवर मी विचारलं तेव्हा तोंडात काय होतं?’’

ते पायरीवर बसले. म्हातारे दिसले मला एकदम. ‘‘त्यांनी पहिल्या रांगेत बसवलं चारू मला. मधल्या खुर्चीत. माइकवर पूर्ण नाव घेतलं, बापाच्या नावासकट. चार वर्षं मी मागे बसून राहिलो तुझी पर्स घेऊन. मंडळात हसतात लोक. तू पण हसते.’’

‘‘म्हणून त्या बायकांच्या पोटावर पाय दिला?’’

‘‘त्यांना नव्या दुकानांत जागा देतो म्हणाले ते.’’

‘‘आणि तुम्ही मान डोलावली! बँकेत होते ना बाप्पा तुम्ही? तोंडी शब्दावर कुणाला कर्ज दिलं होतं का कधी?’’

त्यांनी झारी उगाच जवळ ओढली.

‘‘तुम्हाला खुर्ची पाहिजे होती तर मला मागायची ना,’’ मी म्हणाले. ‘‘मी दिली असती. माझ्या शेजारी दिली असती. काहून नाही मागितली?’’

‘‘मागून मिळालेली वेगळी असते ना गं,’’ ते म्हणाले.

मी आत गेले, खुंटीवरचा साफा काढला आणि न्हाणीघरातल्या बादलीत टाकला. त्याचा रंग कच्चा होता. सगळं पाणी केशरी झालं. बजरंगजींचा मला राग नव्हता. विंचू नांगी मारणारच, आपण चप्पल घालून चालायचं. पण माझ्या घरात मी अनवाणी फिरत होते. माझ्या माणसाने मला फसवलं, इतकं साधं ते होतं, आणि त्याने मला माझ्याच नावाने फसवलं. ‘त्यांची हाँ आहे.’ माझी हाँ माझ्या तोंडातून न निघता बाजारात जाऊन विकली गेली, आणि मी तेव्हा उंटावर बसून चक्कर मारत होते.

आम्ही जेवलो नाही.

सकाळी उठल्यावर मात्र माझ्यात जरा बळ आलं. मी मनाशी ठरवलं, चेअरमन असो की चेअरमनचा बाप, आज नगरपालिकेत जाऊन बसायचं. भंवरीबाईला आणि बाकीच्या बायकांना बरोबर घ्यायचं. सगळ्यांसमोर सांगायचं की माझा होकार नव्हता, माझ्या नवऱ्याने खोटं सांगितलं. नवऱ्याची लाज जाईल, जाऊ दे. पक्ष काढून टाकेल, टाकू दे. त्या बायकांना जागा मिळेपर्यंत तिथून उठायचं नाही. मी साडी नेसले, केस बांधले. काल मेथीची जुडी उचलून परत ठेवणारा तिचा हात डोळ्यांपुढून जात नव्हता. तिच्या घरी जाऊन आधी तिची माफी मागायची होती.

जायची गरज पडली नाही. घंटी वाजली. मी दार उघडलं, तर दारात भंवरीबाईच. बरोबर आणखी दोघी. एरवी ती घरात यायला लाजायची, पायरीवरच बसायची. आज डोक्यावरचा पदर नीट केलेला, ठेवणीतली ओढणी घेतलेली. माझा जीव भरून आला.

‘‘बरं झालं आलीस,’’ मी म्हणाले. ‘‘मी तुझ्याकडेच निघाले होते. आपण आत्ताच जाऊ. मी सगळ्यांसमोर सांगणार आहे की...’’

तिने माझ्या खांद्यावरून आत पाहिलं.

‘‘साब है?’’ तिने विचारलं.

मला आधी कळलंच नाही. चार वर्षांत हा प्रश्न माझ्या दारात कुणी विचारला नव्हता.

‘‘भंवरीबाई, मी आहे ना. माझ्याशी बोल.’’

‘‘आपसै कै बोलां, मैडमजी,’’ ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, ती मला समजावत होती. ‘‘आप तो भला हो. पण बात तो साब की ही चालै है. उठाया भी साब, जगा भी साब ही दिला सकै. बजरंगजी का आदमी बोल्यो, साब सै मिल लो.’’

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. नंदकिशोर बाहेर आले, हातात वर्तमानपत्र. तिघींनी त्यांना हात जोडले. ते गोंधळले. माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘चारू, तू बोल ना. मैडम से बात कीजिए आप लोग, मैडम ही...’’

‘‘ना साब,’’ भंवरीबाई म्हणाली. ‘‘थे ही बताओ.’’ आणि तिघी व्हरांड्यात त्यांच्या पायाशी बसल्या. उन्हातून चालत आल्या होत्या, तिच्या एका मैत्रिणीला धाप लागली होती. भंवरीबाईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, अगदी मायेने.

‘‘मैडमजी, थोड़ो पाणी पिला द्यो.’’

पाणी मागणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. मी आत गेले. माठातून तांब्या भरून घेतला, तीन पेले घेतले. बाहेर नंदकिशोर बोलायला लागले होते.